औंधची बैठक, येरळवाडीचं पाणी: अडीच दिवसांचा जमाखर्च

आधी निकाल. गाण्याला पाचपैकी पाच, माळाला साडेचार, तळ्याला ऑक्टोबरात अडीच, जेवणाला साडेतीन. झोपेला गुण द्यायला झोपच उरत नाही. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात औंधचा संगीत महोत्सव आणि येरळवाडी-मायणीचे तलाव एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. दुर्बीण बाळगणाऱ्या रसिकाला दोन्ही एकाच फेरीत उरकावंसं वाटणारच. जमतंही. फक्त बहुतेक जण बेत उलटा आखतात: रात्र गाण्यात जागवायची आणि उजाडता उजाडता थेट पाण्यावर जायचं. दोन्ही डगरींवर पाय. मग ऐन रंगलेल्या द्रुत लयीत पेंग येते, आणि तळ्यावर पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असतं. त्यापेक्षा गाणं आणि पक्षी यांच्यात एक अख्खी झोप घालावी.

तारखेपासून सुरुवात करू. महोत्सव अश्विन वद्य पंचमीचा, म्हणजे कोजागरीनंतर पाचव्या दिवशी. तिथी काही शनिवार-रविवार बघून येत नाही. 2019 मध्ये ही पंचमी 18 ऑक्टोबरला, शुक्रवारी आली. 2023 ला अधिक श्रावण होता, त्यामुळे ती पार 2 नोव्हेंबरला, गुरुवारी गेली. गाण्याला या पंधरा दिवसांनी काही फरक पडत नाही, पक्ष्यांना फार पडतो. ऑक्टोबरच्या मध्याला थंडीचे पाहुणे नुकते उतरू लागलेले असतात. नोव्हेंबर उजाडला की बदकं, धोबी पक्षी, भोवत्ये (माळावरचे शिकारी पक्षी) यांचं बस्तान बसलेलं असतं. म्हणून अधिक महिन्याचं वर्ष या जोडबेताला चांगलं. 2026 लाही अधिक ज्येष्ठ आहे, पंचमी ऑक्टोबरच्या अगदी शेवटाला जाते. वार मधलाच निघाला तर सरळ रजा टाकावी. पक्षी शनिवारपर्यंत थांबतील, गाणं थांबणार नाही.

महोत्सव 1940 सालचा. औंध संस्थानचे गायक अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ तो सुरू केला. अंतुबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, म्हणजे ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणाऱ्या गवयाच्या थेट तालमीतले. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा (1911–1987) गायकही आणि व्हायोलिनवादकही. वडिलांची ग्वाल्हेर, विलायत हुसेन खाँ यांची आग्रा, भूर्जी खाँ यांची जयपूर, अशा तिन्ही तालमी त्यांच्या गळ्यात एकत्र आल्या. हे माहीत असलेलं बरं, कारण इथे ऐकायला जायचं ते ख्याल. अभंग आणि नाट्यगीतं ऐकायला इतर ठिकाणं पुष्कळ आहेत. कान थोडे लावून जावे: बंदिशीचा स्थायी-अंतरा स्वच्छ मांडून मध्यविलंबित लयीत पुढे जाणारा ग्वाल्हेरचा ख्याल, बोलांशी आणि लयीशी झोंबणारी आग्र्याची बोलबाँट, आणि जोडरागांत एका श्वासात वळणं घेत जाणारी जयपूरची आकारी तान. एवढी ओळख असली की तिलवाड्यातला बडा ख्याल लांबला म्हणून कुणी घड्याळ बघत नाही.

पत्रिका हातात आली की आधी दिवसाची सत्रं बघावीत. शहरातली मैफल संध्याकाळी सहाला सुरू होते आणि दहाला आटपते, त्यामुळे आपल्या वाट्याला वर्षभर यमन, पूरिया, बिहाग, बागेश्री आणि फार तर मालकंस येतो. सारंगाचे प्रकार, भीमपलास, मुलतानी हे दुपारचे राग समोर बसून ऐकायला मिळणं आता दुर्मीळ. मुलतानीचा तो तीव्र मध्यम कलत्या उन्हात ऐकायचा असतो. घरी रात्री साडेनऊला कानात बोंडकी घालून ऐकलेला मुलतानी म्हणजे फ्रिजमधली भाकरी. तेव्हा सगळी शक्ती रात्रीसाठी राखून दुपारी लोळत पडू नये.

रात्रीचं सत्र किती वाजेपर्यंत चालेल, हेही पत्रिकेतच पाहावं, ऐकीव माहितीवर जाऊ नये. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 बंद केले. राज्य सरकार वर्षातल्या ठरावीक दिवसांना, फार तर 15, रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. बंदिस्त सभागृहाची गोष्ट वेगळी. जुने लोक ‘पहाटे ललत ऐकून घरी आलो’ म्हणतात तेव्हा ते या नियमाआधीच्या मांडवांबद्दल बोलत असतात.

बसायची जागा. मधोमध, चौथ्या-पाचव्या रांगेत. स्पीकरच्या तोंडाशी बसलं की पेटी आणि तबला कानावर आदळतात आणि तंबोरा नाहीसा होतो. मागे खांबाला टेकून बसलं तर पाठीला आराम, पण गवयाचा चेहरा दिसत नाही, आणि समेवर येण्याआधी तबलजीकडे टाकलेली नजर ही अर्धी मैफल असते. गावाकडच्या बैठकीला भारतीय बैठकच असणार असं धरून चालावं: घडी करून बसता येईल अशी जाड सतरंजी, गुडघे कुरकुरत असतील तर चार इंच उंचीची उशी. चार तासांनंतर मांडी बदलायची ती तिहाई संपून टाळ्या पडल्यावर. उठायचं ते राग संपल्यावर. हे रसिकांना सांगायची गरज नाही, पण रात्री अकराला चहाच्या वासाने भलेभले विसरतात.

पुढे बसायचं आणखी एक कारण आहे. रात्र चढत जाते तसं वाद्यांचं काय होतं ते जवळून दिसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारी पारा तिशीच्या वर असतो आणि मध्यरात्री विशीच्या आसपास येतो. तंबोऱ्याची तार पोलादाची. ती गारठ्याने आखडते, ताण वाढतो आणि स्वर किंचित चढतो. तबल्याची पुडी चामड्याची. दव पडायला लागलं की ती ओल धरते, सैलावते आणि स्वर उतरतो. म्हणजे अकराच्या सुमाराला तंबोरा वर निघालेला आणि तबला खाली, दोघांची तोंडं दोन दिशांना. मागे बसलेला शागीर्द अशा वेळी खुंटीला हात लावत नाही. घोडी (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) आणि खालचं टोक यांच्या मधल्या तारेखाली जो मणी असतो तो बोटाने घोडीकडे सरकवतो, केसभर. तेवढ्यात चढलेला स्वर उतरून जागेवर येतो. घोडीवर तारेखाली घातलेला जवारीचा दोरा हलला असेल तर तोही नखाने सारखा करतो, आणि तारेतली ती मधमाशीसारखी गुंज परत उमटते. तबलजीचं काम हातोडीचं. थोडाच उतरला असेल तर गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणीवर, वरून हलके ठोके, जास्त उतरला असेल तर बाजूच्या चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गट्टे खाली. पट्ट्यांमुळे पडलेल्या गजऱ्याच्या सोळा घरांपैकी समोरासमोरची घरं जोडीने लावतात. एकाच बाजूने ठोकत गेलं तर पुडी एका अंगाला ओढली जाते आणि ‘ता’ प्रत्येक घराला वेगळा बोलतो.

दोन रागांच्या मध्ये या कामात पाच-सात मिनिटं जातात. तेवढ्यात ‘चला, आता लांबणार’ म्हणत उठणाऱ्यांची पुढची दहा मिनिटं हुकतात, आणि ताज्या लागलेल्या तंबोऱ्यावरचा पहिला षड्ज त्याच दहा मिनिटांत असतो. सोबत इलेक्ट्रॉनिक तंबोराही चालू असेल तर कान देऊन ऐका. तो थंडीने हलत नाही, खरा तंबोरा हलतो, त्यामुळे थोड्या वेळाने दोघांच्या मधे ‘वाँऽ वाँऽ’ अशी हेलकावणारी लाट सुरू होते. जाणता गवई हसून एक बंद करायला सांगतो. नेहमी यंत्रच बंद होतं असं नाही, ही खेदाची गोष्ट.

मांडवातल्या आवाजाबद्दल एकच तक्रार, आणि ती कुठल्याही गावच्या मांडवाला लागू पडते. ध्वनियोजना करणाऱ्याला लग्नाच्या ऑर्केस्ट्राची सवय असते. तो ‘एको’ वाढवतो आणि तंबोऱ्यापुढे माइक ठेवायला विसरतो. सांगायचं असेल तर मैफल सुरू होण्याआधी, संयोजकांकरवी आणि नेमक्या शब्दांत सांगावं: एको पूर्ण काढा, तंबोऱ्याला माइक द्या, पेटीचा आवाज गळ्याच्या खाली ठेवा. आलाप चालू असताना मागून हातवारे करण्याने आजवर कुणाचा आवाज सुधारलेला नाही.

आता दुर्बीणवाल्यांसाठी एक सूचना, आणि ती कळकळीची आहे. दुर्बिणीच्या पिशवीचा वेल्क्रो. विलंबितात गवई गंधारावर थांबला असताना चौथ्या रांगेतून ‘चर्रर्र’ असा आवाज निघाला की पन्नास माना वळतात. पिशवी गाडीत ठेवावी. तेच त्या खिशाखिशाच्या नायलॉन जॅकेटचं, हात हलवला की सळसळतं. उलट, मैफलीचा पोशाख तळ्यावर तितकाच त्रासाचा. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र झब्बा माणसाला शोभतो, पण हिरव्या-करड्या काठावर तो लांबून चमकतो, आणि मातकट कपड्यांतल्या माणसाला जवळ येऊ देणारी बदकं झब्बेवाल्याला बघून केव्हाच उठतात. म्हणून कपड्यांचे दोन जोड न्यावे. पक्ष्यांसाठी खाकी, शेवाळी, मळका तपकिरी, सगळं सुती. अत्तर चालेल, पक्ष्यांची त्याला हरकत नसते.

आता क्रम. पंचमीला सकाळी अकरापर्यंत औंध गाठायचं आणि त्या दिवशी पक्ष्यांचं नाव काढायचं नाही. रात्री सत्र संपेल तेव्हा तिथेच झोपायचं. औंधात मुक्कामाच्या सोयी मोजक्या आहेत, तेव्हा महोत्सवाच्या दिवशी ऐनवेळी खोली मिळेल या भरवशावर राहू नये. आधी फोन करून ठरवावं, नाहीतर वडूज किंवा सातारा धरावं. मात्र जागरणानंतर लगेच गाडी चालवू नये. झोपेचा प्रश्न आहेच, शिवाय ऊस हंगाम सुरू झाला असेल तर कोरेगाव-रहिमतपूर पट्ट्यात अंधारात उसाचे ट्रॅक्टर असतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि त्यांना मागचा दिवा असेलच याची खात्री नाही. दिव्याच्या झोतात एकदम उसाची भिंतच उभी राहते.

दुसऱ्या दिवशी आठ-नऊपर्यंत झोप. मग यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी चित्रसंग्रहालय. 1938 साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते उभं केलं. राजा स्वतः चित्रकार, त्यामुळे संग्रहाला नजर आहे. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आणि हेन्री मूरचं माता-बालकाचं दगडी शिल्प एका खटाव तालुक्यातल्या टेकडीवर बघायला मिळतं, ही गंमत ज्याची त्याने अनुभवावी. दोन तास पुरतात. सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. डोंगरावर दुर्बीण न्यायला हरकत नाही, पण आत तिचं काम नाही.

तीनच्या सुमाराला माळ. इथे बेताचा खरा लाभ आहे, आणि बहुतेक लोक तळ्याच्या घाईत तो सोडून देतात. खटाव आणि शेजारचा माण हे पर्जन्यछायेतले तालुके. पिवळं कुसळी गवत, मुरमाड उतार, मधेमधे ज्वारीची पट्टी. इथले पक्षी रंगाने मातीसारखे आणि वागायला मजेदार. धाविक दहा पावलं पळतो आणि खांबासारखा उभा राहतो. थांबला की दिसत नाही, पळाला की दिसतो, म्हणून नजर एका जागी न रोखता माळावर सावकाश फिरवायची. माळटिटवीला चोचीशी पिवळे लोंबते गलमे आणि डोक्यावर काळी टोपी, साध्या टिटवीचे गलमे लाल. आवाज दोघींचे वेगळे, आणि ओरडण्यात साधी टिटवी कुणाला हार जात नाही. तारेवर नीलपंख, बाभळीवर खाटीक, ढेकळांत चंडोल आणि डोंबारी. ज्वारीवर भोरड्यांचे थवे. कणीस भरेपर्यंत त्या टोळ खातात म्हणून शेतकरी गप्प असतो, दाणा भरला की गोफण निघते.

साडेचारनंतर भोवत्ये. गवतावर कमरेएवढ्या उंचीवरून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून, संथ चालीने हद्द पिंजत जाणारा शिकारी दिसला की तो भोवत्या. नर ओळखणं सोपं: करडा-पांढरा, आणि पंखांवर काळी रेघ असेल तर माँटेग्यूचा. माद्या आणि पिल्लं ओळखण्यावरून भांडू नये. पांढुरका की माँटेग्यूचा हे ठरवायला मानेची पट्टी आणि पंखाचं टोक नीट दिसावं लागतं, आणि संध्याकाळच्या उजेडात ते दिसत नाही. वहीत ‘भोवत्या, मादी’ एवढं लिहून मोकळं व्हावं.

माळावर गाडी हीच लपणी. इंजिन बंद, काच खाली, दुर्बीण टेकवायला दारावर घडी केलेला टॉवेल. पक्षी माणसाला घाबरतो, उभ्या गाडीला फारसा नाही. दार उघडून पाय खाली ठेवला की चाळीस मीटरवरची पखुर्डी उठलीच. ज्वारीत पाय घालू नये, आणि बांधावर कुणी असेल तर ‘राम राम’ करून विचारून घ्यावं. ‘पाखरं बघायला आलोय’ म्हटल्यावर हसतात, पण काल कुठे काय बसलं होतं ते तेच नेमकं सांगतात.

तळी. 2021 मध्ये शासनाने मायणी परिसरातले तलाव पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केले. मायणीबरोबर येरळवाडी, कानकात्रे, सूर्याचीवाडी हे पाणवठे त्यात येतात. नाव मायणीचं मोठं, पण एका तळ्यावर सगळा डाव लावू नये. यातलं कुठलं तळं त्या वर्षी पक्ष्यांना मानवेल हे पाण्याची पातळी ठरवते, नकाशा नाही.

ऑक्टोबरात तळ्याला अडीच गुण का, तेही इथेच आहे. महाराष्ट्रभर लोक ‘मायणी’ म्हटलं की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, डोळ्यांपुढे आणतात. रोहित पाण्यात उभा राहून, चोच उलटी करून चिखलातला बारीक जीव गाळून खातो. त्याला लागतं गुडघाभर उथळ पाणी आणि पसरट चिखलाचा काठ. पावसाळा संपता संपता तलाव तुडुंब असतो, पाणी थेट बाभळींच्या बुंध्याला लागलेलं, चिखलाचा पट्टा नावालाही नाही. पाणी उतरायला लागून काठ उघडा पडतो तो साधारण डिसेंबर-जानेवारीत. पाऊस चांगला झालेल्या वर्षी रोहित उशिरा येतात किंवा दुसरीकडे जातात, आणि दुष्काळी वर्षी तळंच आटतं. मधेच उपसा योजनेचं पाणी सोडलं तर चार दिवसांत उथळाचं खोल होतं. तेव्हा पंचमीला रोहित दिसले नाहीत म्हणून तळ्याला नावं ठेवणं म्हणजे दुपारी मालकंस गायला नाही म्हणून गवयावर रुसणं.

मग दिसतं काय? वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचे काळे थवे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले. टिबुकल्या, हळदी-कुंकू बदकं, शेकाटे, चित्रबलाक, चमचे, शराटी. तारीख उशिराची असेल तर थापटे, तलवार बदकं, भुवई बदकं, आणि जोडीजोडीने चक्रवाक. चक्रवाकांचं ऐकणं पाहण्याच्या आधी होतं, लांबून येणारी अनुनासिक ‘आँग, आँग’. पट्टकादंब थंडी चांगली पडल्याशिवाय नाहीत.

तळ्यावर दोन वेळा: दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ आणि तिसऱ्या दिवशीची सकाळ. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहायचं, म्हणजे सूर्य पाठीशी आणि पक्षी उजेडात. संध्याकाळी पश्चिमेच्या. हे पाळलं नाही तर समोर फक्त काळ्या आकृत्या दिसतात, आणि काळ्या आकृत्यांवरून बदक ओळखणारे फार थोडे. सूर्योदय त्या दिवसांत साडेसहाच्या आसपास, म्हणून सहाला काठावर. साडेनऊनंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते. टेलिस्कोपमधून बघितलं तर पक्षी उकळत्या पाण्यातल्यासारखा दिसतो. भिंग कितीही महाग असो, त्याला इलाज नाही. तोवर वही भरून नाश्त्याला लागावं.

धरणाच्या भिंतीवरून चालायचा मोह सगळ्यांना होतो, वरून छान दिसतं म्हणून. आपल्याला छान दिसतं तसंच आपणही पक्ष्यांना आभाळाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. भिंतीच्या कडेखालून, वाकून नाही पण हळू चालत, सरळ त्यांच्या दिशेने न जाता तिरकं जावं. थव्याने माना वर केल्या की थांबायचं, अजून दोन पावलं टाकली की ते उठणारच. उठलेला थवा परत बसायला वेळ घेतो, तोवर सकाळ संपलेली असते. ड्रोन नको. ‘उडतानाचा फोटो हवा’ म्हणून दगड मारणारे लोक अजूनही भेटतात. त्यांना तिथल्या तिथे सुनवावं.

दुर्बीण कोणती? दोन्ही कामांना मिळून एकच न्यायची असेल तर 8x42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची. माळावर पळणारा धाविक तिच्या रुंद नजरेत सापडतो (हजार मीटरवर साधारण 130 मीटर रुंदीचं दृश्य), हात थरथरला तरी चालतो, आणि 42 भागिले 8 म्हणजे सव्वापाच मिलिमीटरची उजेडाची चकती संध्याकाळी सव्वासहाला उपयोगी पडते. 10x42 ची चकती 4.2 मिलिमीटरची, दृश्यही अरुंद. पण तळ्यावर अंतर दोनशे-तीनशे मीटरचं असतं आणि तिथे 8x तोकडी पडते. त्याला उत्तर 10x नाही, 20-60x चा टेलिस्कोप आणि जड तिवई. हलकी तिवई तळ्याच्या वाऱ्यात थडथडते आणि 40x च्या पुढे काही दिसत नाही. तिवईच्या मधल्या दांड्याला पाण्याची भरलेली बाटली टांगली की निम्मा कंप जातो. गटात एक टेलिस्कोप पुरे. 10x50 घेऊन येणारे उत्साही असतात. किलोभर वजन गळ्यात घालून माळ तुडवल्यावर दुसऱ्या दिवशी मान षड्जावरून हलत नाही.

आणि हो, बैठकीत मागच्या रांगेत बसून दुर्बिणीने तबलजीची बोटं बघणं शक्य आहे. दिसतंही सुंदर: किनारीवरचं बोट कुठे पडतं, शाईवरचं कुठे. तरी करू नये. समोरून गवयाला ते दिसतं.

जेवण साधं आणि बरं. ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठलं, खर्डा, कांदा. मटणाची ताटं रस्त्याला मिळतात आणि झणझणीत असतात, पण दुपारच्या सत्राआधी ती खाऊन सारंगाला न्याय देणं कठीण. अडचण सकाळच्या चहाची. सहाच्या आधी तळ्याकडे निघायचं तर हॉटेल उघडलेलं असेल असं धरू नये, रात्रीच थर्मास भरून घ्यावा. पाणी माणशी दोन लिटर. माळावर सावली नाही, कलत्या उन्हातही टोपी लागते. कुसळं पायमोज्यांत घुसतात आणि पायमोजे धुतले तरी निघत नाहीत, त्यामुळे जुने पायमोजे.

साताऱ्याहून औंध साधारण 45 किलोमीटर, रहिमतपूरवरून. रेल्वेने येणाऱ्यांना पुणे-मिरज मार्गावरचं रहिमतपूर स्टेशन जवळचं. सांगलीकरांनी तासगाव-विटा-मायणी असं यावं, म्हणजे येतानाच तळ्याच्या पाण्याचा अंदाज येतो आणि पुढचा बेत त्यावर बसवता येतो. एसटीने औंध-वडूज होईल, माळ आणि तळी होणार नाहीत. चौघांत एक गाडी हेच बरं. चौघांपैकी एकाला गाण्यात रस नसेल तर उत्तम, तो रात्री झोपेल आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवेल.

कासचं पठार याच फेरीत घालू नये. ते साताऱ्याच्या पलीकडे, दुसऱ्या दिशेला, आणि पंचमीपर्यंत तिथला बहर ओसरलेला असतो.

तळ्याला अडीच दिलेत ते पंचमीच्या तळ्याला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्याचीवाडी किंवा येरळवाडीला पाणी अर्ध्यावर आलेलं असेल, काठाला हातभर चिखल उघडा असेल, तर साडेचार द्यायला हरकत नाही. तेव्हा औंधला मांडव नसतो, म्हणून मुलतानीचं चांगलं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये भरून न्यावं आणि साडेचारला, काठापासून लांब उभ्या केलेल्या गाडीत, काचा लावून ऐकावं.